रस्त्यालाही, ट्रॅकलाही

पद्माबाईंना जाऊन तीन वर्षे झाली होती, आणि या तीन वर्षांत आपल्या मुलाशी काय बोलावे हे दत्तोपंतांना उमगले नव्हते.

त्या होत्या तोवर हा प्रश्नच पडला नव्हता. दर रविवारी जर्मनीहून विराजचा फोन यायचा आणि तो त्याच घ्यायच्या. दत्तोपंत शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसायचे. पलीकडून मुलगा विचारायचा, "आई, बाबांना विचार ना, गाडीची बॅटरी उतरली का?" त्या वळून म्हणायच्या, "अहो, बॅटरी उतरली का?" दत्तोपंत मान हलवायचे, आणि त्या हललेल्या मानेचे पद्माबाई चांगले चार वाक्यांत रूपांतर करून ते जर्मनीला पाठवून द्यायच्या. मग त्यांचे स्वतःचे सुरू व्हायचे. आज काय जेवलास, भाजी कुठली केलीस, फोडणीत काय घातलेस, काल केलेल्या भाताचे काय केलेस. हे काय बोलणे झाले, असे दत्तोपंतांना तेव्हा वाटे. उभा जन्म साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलेला माणूस तो. ज्यातून काही निष्पन्न होत नाही असे बोलणे त्यांना जमत नसे.

आता फोन त्यांनाच घ्यावा लागे.

"जेवलात का बाबा?"

"हो."

"बीपीची गोळी?"

"घेतली."

"थंडी आहे का तिकडे?"

"आहे थोडी."

"बरं. ठेवू मग?"

"ठेव."

दोघांच्याही मनात एकमेकांविषयी काही किल्मिष नव्हते. फक्त मधला माणूस उठून गेला होता आणि त्याच्या जागी कसे बसायचे हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

अशा एका दिवाळीनंतरच्या रविवारी विराजने "ठेवू मग?" म्हणायच्या ऐवजी वेगळेच काही विचारले.

"बाबा, माझी लाल गाडी कशी आहे?"

लाल गाडी म्हणजे परदेशी जाण्यापूर्वी विराजने घेतलेली हॅचबॅक. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तो आणि त्याचा मित्र ऋषिराज चेन्नईजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर आपापल्या गाड्या घेऊन जायचे. शर्यत नसे, वेळ नोंदवून मोकळ्या ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या एवढेच. दत्तोपंतांना तो खर्चिक पोरखेळ वाटे आणि तसे त्यांनी एकदा बोलूनही दाखवले होते. विराज गेल्यावर मात्र त्यांनी स्वतःची गाडी काढून टाकली आणि हीच ठेवली. मंडईला, बँकेत, सणसरला आपल्या मित्राकडे, रामहरींकडे ते हीच घेऊन जात.

"चांगली आहे. का रे?"

"फेब्रुवारीत मला सुट्टी मिळतेय. ऋषिराज आता चेन्नईलाच असतो, त्यानं ट्रॅकचा दिवस ठरवलाय. मला वाटत होतं, मुंबईला उतरून घरी येईन आणि आपली गाडीच घेऊन जाईन. वाटेत एक मुक्काम करू. तुम्हीपण चला."

मुलाने शेजारच्या सीटवर बसून एवढ्या लांब चल म्हणणे ही गोष्ट दत्तोपंतांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हती.

"ब्रेक पॅड तेवढे बदलावे लागतील," विराज पुढे म्हणाला. "पण असे हवेत की रस्त्यालाही चालतील आणि ट्रॅकलाही. तुम्ही बघून ठेवाल?"

"बघतो," दत्तोपंत म्हणाले. आणि मग, स्वतःलाच नवल वाटावे अशा उत्सुकतेने त्यांनी विचारले, "पण दोन्हीकडे एकच पॅड का चालत नाहीत?"

त्या दिवशी फोन तासाभराने खाली ठेवला गेला. विराजने सारे समजावून सांगितले. नेहमीचे पॅड गार असतानाही पहिल्या दाबाला धरतात. पण ट्रॅकवर फेरीमागून फेरी ब्रेक तापत गेले की पॅडला बांधून ठेवणारी राळ जळू लागते, आणि पाय पूर्ण दाबला तरी गाडी पुढे जातच राहते. ट्रॅकचे पॅड उलट्या स्वभावाचे: नीट तापल्याशिवाय धरतच नाहीत. पहाटेच्या धुक्यात गल्लीतून बाहेर पडताना आडवे कुत्रे आले, तर अशा पॅडचा काही उपयोग नाही.

"म्हणजे किती तापमानापासून किती तापमानापर्यंत घर्षण टिकतं, हे बघायचं," दत्तोपंत म्हणाले. "मधला पट्टा रुंद हवा."

"अगदी बरोबर!" विराज हसला. "बाबा, तुम्ही अजून लॅबमध्येच आहात."

मुलाला असे हसताना त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकले नव्हते. पद्माबाईंनी ऐकले असणार. त्यांच्यापर्यंत मात्र कधी पोचले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी ते जळोचीच्या कोपऱ्यावरच्या दादासोच्या गॅरेजात गेले. दादासो विराजच्या बरोबरीचा. विराजची गाडी त्याच्याच हाताखालून गेलेली. त्याने पुण्याला फोन लावून चौकशी केली आणि आठवडाभरात एक खोके समोर आणून ठेवले.

"हे टाका काका. धातूची भुकटी मिसळलेले हायेत, पर लई न्हाय. रोजचं बी भागतंय आन् तितं बी चार फेऱ्या दम धरत्यात. विराजदादा काय रेस जिंकाय न्हाय चालला."

दत्तोपंतांनी खोक्यावरचा तापमानाचा आलेख चष्मा वर करून वाचला. पट्टा रुंद होता. गार असताना धरण्याचा आकडाही पुरेसा होता. हेच हवे होते, आणि हे त्यांना तिथल्या तिथे कळले.

"ठेवून दे," ते म्हणाले. "विराजला विचारून सांगतो."

रविवारी त्यांनी विराजला पॅडविषयी सांगितले. तो म्हणाला, "छानच की. मग टाका." आणि त्याच्या आवाजात ते ओळखीचे, आवरते घेण्याचे वळण दत्तोपंतांना ऐकू आले. यापुढचा शब्द "ठेवू मग?" हाच असणार होता. तो येण्याआधी ते घाईने म्हणाले, "पण मी काय म्हणतो, हे वाजणार नाहीत ना? धातू आहे म्हणून विचारतो."

विराज थबकला. मग म्हणाला, "वाजू शकतात. थांबा, मी बघून सांगतो."

आणि त्याने बुधवारी फोन केला. रविवार नसताना.

त्यानंतर दत्तोपंतांना शंका येत गेल्या. पॅड वाजण्याची शंका फिटली तेव्हा त्यांनी चाकावर बसणाऱ्या काळ्या धुळीचा विषय काढला. धुळीचे आटोपले तेव्हा डिस्कची झीज निघाली: पॅड कठीण असतील तर ते डिस्क खातील, मग डिस्कही बदलाव्या काय? तिथून गाडी ब्रेक ऑइलवर गेली, की तापल्यावर ते उकळते तेव्हा पॅड कितीही चांगले असून काय फायदा? शंका खोटी एकही नव्हती. प्रत्येक शंकेला उत्तर होते, आणि ते उत्तर बहुतेक वेळा दत्तोपंतांना आधीच ठाऊक असे. दुपारभर वाचून ते काढलेले असे. पण ते त्यांनी विराजकडून ऐकावे, मध्येच अडवावे, "असं कसं म्हणतोस?" म्हणावे, यात जी ऊब होती ती त्यांना सोडवेना. बोलता बोलता विराज इतरही काही सांगून जाई. त्याच्या ऑफिसातली लिफ्ट बंद पडली होती. त्याच्याकडे बर्फ पडला होता. एकदा तर तो म्हणाला, "आज कोणाशीच बोललो नाही बाबा, तुम्ही पहिलेच." त्यावर दत्तोपंत म्हणाले होते, "हं. तर ऑइलचं काय म्हणत होतास?"

मध्येच एकदा विराजने म्हटले, "पॅड ठरले की सांगा बरं का. गाडी तयार होणार असेल तर मुंबईचं तिकीट काढतो." दत्तोपंत "हो हो" म्हणाले. फेब्रुवारीला अजून अवकाश होता.

खोके दादासोच्या फळीवर तसेच पडून राहिले.

सणसरच्या रामहरींना हे सारे आधी कळले. रामहरी म्हणजे ऊसवाले बागायतदार. कारखान्याच्या दिवसांपासूनचा दत्तोपंतांचा स्नेह. त्यांच्या घराण्यात शर्यतीचे बैल होते, आणि बंदी उठल्यापासून पुन्हा दावणीला एक खिलार खोंड आला होता. दर गुरुवारी दत्तोपंत त्यांच्या ओट्यावर चहाला जात. समोरच्या फडात तोड चालू होती. रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर भवानीनगरच्या कारखान्याच्या दिशेने चालले होते.

"आमच्या आबांनी बी असाच इचार केलता," खोंडाला पेंड घालता घालता रामहरी म्हणाले. "एकच बैल. पेरणीला बी त्योच आन् मैदानात बी त्योच. काय झालं? पेरणीला पळाय लागला आन् मैदानात चालाय लागला. लोक हासून हासून मेली."

"बैलाचं वेगळं, रामहरी. इथं मधला मार्ग निघतो. सापडलाय तसा पॅड."

"सापडलाय? मग टाकला न्हाय अजून?"

"विचार चाललाय. काही शंका आहेत."

रामहरींनी पेंडीचा हात झटकला आणि मित्राकडे नीट पाहिले. मग मिशीत हसत म्हणाले, "पंत, आमच्या भावकीत एक जण व्हता. गावोगाव पोरी बघत हिंडायचा. हिचं नाक, तिची उंची, कायतरी खोट काडायचाच. लोकांस्नी वाटायचं, लई चोखंदळ गडी हाय. खरी गोष्ट काय, तर घरी सैपाकाला कुणी न्हवतं आन् पोरीकडचं पोहं झकास असायचं."

दत्तोपंतांनी कप खाली ठेवला. "उगाच काहीतरी."

"व्हय, उगाचच," रामहरी म्हणाले. "चा घ्या, गार व्हतोय."

परत येताना दत्तोपंतांना राग आला होता, आणि तो रामहरींवर नाही हेही त्यांना कळत होते. येत्या रविवारी सांगून टाकायचे, त्यांनी ठरवले. पॅड ठरले, बसवतो, तू तिकीट काढ. वाक्यही तयार करून ठेवले.

रविवारी त्यांनी फोन उचलताच विराजने विचारले, "बोला, या आठवड्याची शंका काय?"

त्याच्या स्वरात थट्टा होती, लाड होता. लहानपणी पद्माबाईंशी तो असा बोलायचा. दत्तोपंतांचे तयार वाक्य जिभेवरून मागे गेले.

"शंका अशी नाही," ते म्हणाले. "पण असं बघ, दोन जोड घेतले तर? रस्त्याला एक, आणि तिथं पोचल्यावर बदलायला एक."



"बघूया," विराज म्हणाला. त्या दिवशी फोन लवकर संपला.

मग पुढच्या आठवड्यात, आडवारी आणि भर दुपारी, पुन्हा त्याचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता. तो ऑफिसातून बोलत होता.

"बाबा, मी विचार केला. पॅडचं एवढं अडतंय तर राहू द्या. तुम्हाला या वयात उगाच कामाला लावलं मी. ऋषिराजकडे जादा गाडी आहे, ती तो देतोय. सुट्टीही कमी झालीय माझी. मी सरळ चेन्नईलाच उतरतो आणि तिथूनच इकडे परत येतो. तिकीट काढलं आत्ताच. तुमचा त्रास वाचला."

दत्तोपंत स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. अरे, पॅड तर पहिल्याच आठवड्यात ठरले होते, हे एवढेच म्हणायचे होते. एक साधे विधान, सिद्ध झालेले. पण त्याच्यामागून जो "मग?" आला असता, त्याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. निदान तोंडाने देता येईल असे नव्हते.

"बरं," ते म्हणाले. "ते सोयीचं होईल तुला."

"घरी पुढच्या वेळी नक्की येतो."

"हो."

"ठेवू मग?"

"ठेव."

तो रविवार फोनाशिवाय गेला. कामात अडकल्याचा निरोप विराजने पाठवला होता. त्यानंतरच्या रविवारी सकाळीच दत्तोपंत दादासोच्या गॅरेजात गेले.

"ते खोकं काढ आणि बसव," ते म्हणाले.

"झालं एकदाचं!" दादासोने फळीवरून खोके ओढले. "मला वाटलं पॅडचं बारसं करूनच नेताय. विराजदादा कवा येतोय?"

"येत नाही."

दादासो जॅक लावता लावता थांबला. मग पुन्हा कामाला लागला. चाके काढली, जुने पॅड काढले, पॅड धरून ठेवणारे कॅलिपर साफ करून नवे बसवले. शेवटी हात पुसत म्हणाला, "काका, आता हे सेट कराय लागत्यात बगा. मोकळ्या रस्त्याला जायचं, बऱ्यापैकी वेग घ्यायचा आन् जोरात दाबून वेग कमी करायचा. पर थांबायचं न्हाय. असं पाच-सात डाव. मंग तापल्यालं ब्रेक गार होस्तवर नुसती गाडी चालवत ऱ्हायची. मधी कुठं थांबून पाय दाबून धरला, तर गरम पॅड डिस्कला चिकटतोय आन् मंग गाडी कायम थरथर करती. कुणी हात केला तरी थांबू नका."

"मला कोण हात करणार?" दत्तोपंत म्हणाले.

भवानीनगरपर्यंत उसाच्या गाड्यांची रांग होती. तिच्यामागून ते धीराने गेले. पुढे इंदापूरच्या बाजूला रस्ता रुंद आणि मोकळा झाला. त्यांनी वेग घेतला, आरशात पाहिले आणि पाय दाबला. गाडी नाक खाली घालून वाकली, सीटचा पट्टा छातीला रुतला, आणि थांबायच्या आत त्यांनी पाय उचलला. पुन्हा वेग. पुन्हा दाब. प्रत्येक वेळी पॅड अधिक समजूतदारपणे धरत गेले. शेजारच्या सीटवर ठेवलेली त्यांची टोपी पहिल्याच दाबाला खाली पडली होती. ती उचलायला कोणी नव्हते. जळकट, तिखटसा वास आत आला. आवाज कसलाच नव्हता. निवड बरोबर होती. ती पहिल्या दिवशीही बरोबरच होती.

सणसरच्या रस्त्याला लागूनच रामहरींचे घर. ते ओट्यावरच होते. लाल गाडी पाहून ते उठले, फाटकापर्यंत आले आणि त्यांनी हात वर केला. दत्तोपंतांनी खिडकीतून हात हलवला आणि गाडी पुढे नेली. आरशात रामहरी हात तसाच वर धरून उभे राहिलेले दिसले, मग लहान होत गेले.

आता नुसते चालवत राहायचे होते. लासुर्णे मागे पडले, जंक्शन नावाचे गाव मागे पडले. रस्त्याकडेला रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला; बागेसारख्या सजवलेल्या एका पेट्रोल पंपावर कुटुंबे फोटो काढत होती. कुठेही थांबायचे नव्हते आणि कुठे जायचेही नव्हते. निमगाव केतकीपर्यंत दत्तोपंत असेच गेले. चेन्नईला जाताना विराज असाच चालवीत राहिला असता आणि आपण शेजारी बसलो असतो, हे त्यांच्या मनात आले. काय बोललो असतो? एवढ्या लांबच्या वाटेला पुरतील इतक्या ब्रेकच्या शंका काही जगात नाहीत. मग गप्प बसलो असतो. पण दोघेही एकाच काचेतून बाहेर पाहत गप्प बसलो असतो.

गाव संपल्यावर रस्ता मोकळा पाहून त्यांनी गाडी वळवली. सणसरला परत आले तेव्हा ब्रेक निवले होते. रामहरी फाटकातच होते.

"काय ओ पंत! हात केला तर टाटा करून गेला? म्हनलं, गाडी आता मंत्र्याची झाली."

"थांबून चालत नव्हतं. पॅड सेट करत होतो."

"टाकले व्हय? ब्येस झालं. मग विराज—"

"त्यानं चेन्नईचं तिकीट काढलं." दत्तोपंत ओट्यावर बसले. "शेवटी पोहे संपले, रामहरी."

रामहरी हसले नाहीत. त्यांनी आत चहाचे सांगितले आणि खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "त्याला सांगितलं का, का लांबवलं ते?"

"ते सांगण्यासारखं नाही."

"मग कुणाला सांगण्यासारखं हाय? मला सांगून काय उपेग? मी तर हितंच हाय." ते उठले. "मी खोंडाला पानी दावून येतो. तंवर बघा."

ओट्यावर दत्तोपंत एकटे राहिले. आजवर त्यांनी स्वतःहून विराजला फोन लावला नव्हता; त्याच्या कामाच्या वेळेत व्यत्यय नको, असे ते स्वतःला सांगत. आज रविवार होता. तिकडे सकाळ असेल.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?" विराजचा आवाज घाबरलेला, झोपेतला.

"बरा आहे. पॅड बसवले. हे सांगायला केला." त्यांनी घसा साफ केला. "विराज, ते पहिल्याच आठवड्यात ठरले होते. दादासोनं आणले तेव्हाच. शंका नव्हती काही."

"मग?"

तो आलाच.

"मग तू फोन करत होतास."

लाइन तुटली की काय म्हणून दत्तोपंतांनी फोन कानाला घट्ट धरला.

"बाबा," विराज हळू म्हणाला, "ते तिकीट आता बदलता येत नाही."

"बदलू नकोस. त्यासाठी नाही सांगितलं."

"पहिल्या दाबाला कसे धरतात?"

"चांगले धरतात."

"वाजतात?"

एखादी शंका अजूनही काढता आली असती. "नाही," दत्तोपंत म्हणाले. "अजिबात वाजत नाहीत. चांगले पॅड आहेत."

"बरं झालं." मग, सवयीने, "ठेवू मग?"

"थांब." त्यांनी डोळे मिटले. ओसरीत टेलिफोनशेजारी बसलेल्या पद्माबाई काय विचारायच्या ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. "काही खाल्लंस का?"

"नाही अजून. आत्ताच उठलो."

"काय खाशील?"

"कालचा भात आहे. फोडणी देईन."

"फोडणीत काय घालतोस?"

"मोहरी, मिरची. कढीपत्ता संपलाय." मग थोड्या वेळाने, "ठेवू नका. फोन किचनच्या ओट्यावर ठेवतो. भूक लागलीय."

भांडे ठेवल्याचा आवाज आला. मग तेल तापेपर्यंत दोघांकडेही बोलायला काही नव्हते. दत्तोपंत पुढचा प्रश्न शोधत होते आणि तो सापडत नव्हता. फडातून कोयत्यांचा आवाज येत होता. तिकडे मोहरी तडतडली, भात पडला तसा आवाज मोठा झाला, नंतर हळूहळू बसत गेला.

"झाला बाबा," विराज म्हणाला. "खातो आता."

"खा," दत्तोपंत म्हणाले. "गार होईल."

त्यांनी फोन खिशात ठेवला. रामहरी अजून गोठ्यातून आले नव्हते. दत्तोपंत उठून गाडीपाशी गेले, दार उघडून सीटखाली पडलेली टोपी काढली, झटकली, आणि ती पुन्हा शेजारच्या सीटवर ठेवली.